वेदीवरून काय बोलू नये, हे ठरवणारे कोण?



या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवडून आल्यापासून हितचिंतक मला सुचवताहेत की अध्यक्षीय भाषणात राजकारण नको. हे हितचिंतक कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. साहित्यात राजकारण नको म्हणणारी हीच मंडळी माझ्याविरुद्ध मतं गोळा करायला वसईत निर्मळपासून आगाशीपर्यंत मोटारसायकली पिटाळत होती. पेट्रोल फुकट गेलं, तो भाग वेगळा.

तेव्हा आज राजकारणच बोलणार. उद्यापासून मी माजी, मला कोण विचारतो!

धर्मगुरूंनी राजकारणावर बोलावं का, हा वाद आपल्याकडे सोयीनं पेटतो आणि सोयीनंच विझतो. प्रवचनात फादर पाणी उपसणाऱ्या टँकरवाल्यांबद्दल बोलले, की वेदी बाटली. पण निवडणुकीच्या तोंडावर एखादा उमेदवार पहिल्या बाकावर येऊन बसतो, मिस्सा संपल्यावर शाल-श्रीफळ घेतो, माइक हातात घेऊन दोन शब्द बोलतो, तो मात्र सत्कार. वेदी तीच, माइक तोच.

अहो, ज्या येशूच्या नावानं आपण जमतो त्यानं हेरोद राजाला कोल्हा म्हटलं होतं. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं मुंडकं ताटात आलं, ते त्यानं राजाच्या लग्नाबद्दल तोंड उघडलं म्हणून. आजचे आपले काही विश्वस्त तिथं असते, तर त्यांनी योहानाला बाप्तिस्म्यापुरतं बोलायची तंबी दिली असती.

मराठी ख्रिस्ती परंपरा तरी कुठे गप्प होती? पंडिता रमाबाई 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या छावण्यांत बायकांचे हाल होत होते, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून थेट सरकारवर बोट ठेवलं. सरकार कुणाचं? त्यांच्याच धर्माच्या लोकांचं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा केला, आणि देशावरच्या कविता लिहायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. घटना समितीत जेरोम डिसोझा नावाचे येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, फादर बसले होते. धर्मस्वातंत्र्याचं कलम आपण उठता-बसता तोंडावर फेकतो, ते ज्या सभागृहात घडलं तिथं एक धर्मगुरू होता. आता म्हणा, राजकारण नको!

आणि आपले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते उभे राहिले तेव्हा बाहेरच्यांनी विरोध केला; उद्घाटक कवी ना. धों. महानोरांनासुद्धा जाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. तो विरोध समजण्यासारखा होता. मला चीड आहे ती घरातल्या विरोधाची. हरित वसईच्या लढ्यात हा माणूस बिल्डरांच्या आणि गुंडगिरीच्या विरोधात उभा राहिला, तेव्हा ‘फादरनं फादरसारखं राहावं’ असं म्हणणारे आपल्याच बाकांवर बसत होते. 2024 मध्ये फादर गेले. श्रद्धांजलीत त्यांच्या धैर्याचे गोडवे गाण्यात कोण आघाडीवर होतं, ते मी नाव घेऊन सांगत नाही. चहापानाला भेटतीलच.

हरित वसई म्हटलं की मला आमचं बावखल आठवतं, आणि आठवलं की मी भरकटतो, भरकटू द्या. बाहेरगावच्यांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरायचं, त्यावर विहिरी जगायच्या, आणि समुद्राचं खारं पाणी दूर राहायचं. आमच्या बावखलावर राहाट होता. बैल फिरायचा, पोहरे ओतायचे, पाणी पाटानं केळीत आणि पानवेलींत जायचं. पाट फुटला की आजी पदर खोचून धावायची, मूठभर चिखल थापायची, आणि आम्हा पोरांना शिव्या द्यायची त्या आमच्या कादोडी बोलीत. मराठीत तिला तेवढ्या येत नव्हत्या. मग इमारती आल्या. त्यांना पाणी हवं म्हणून टँकर आले, रात्रंदिवस पंप लागले, आणि विहिरींचं पाणी मचूळ झालं. बावखलं राडारोडा टाकून बुजवली. यात धर्म कुठे संपतो आणि राजकारण कुठे सुरू होतं, ते मला कुणी आखून दाखवावं.

हेच मी एका स्मरणिकेसाठी लिहिलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही. लेख साभार परत: ‘मजकूर राजकीय आहे.’ मी गप्प बसलो. स्मरणिका हातात आली. मलपृष्ठावर पूर्ण पान रंगीत, पांढऱ्या खादीत हात जोडलेले एक नेते. त्यांच्या कोपराखाली बोटभर गव्हाणी, आणि गव्हाणीतला बाळ येशू जाहिरातीच्या दरपत्रकात बसेल एवढाच! त्या नेत्यांचा टँकरशी काय संबंध, ते मंडपातल्या पोरालाही माहीत आहे. तुम्ही म्हणाल, एका लेखाचं किती दिवस धरून बसायचं? मी मरेपर्यंत धरणार. मराठी ख्रिस्ती साहित्याची सगळी रड मला त्या एका मलपृष्ठावर दिसते.

आता दुसरी बाजू. नाहीतर समोरचे काही फादर उगाच खूश होतील. 1983 च्या कॅथलिक चर्चच्या कायद्यानं धर्मगुरूला राज्यसत्तेचं पद घ्यायला मनाई आहे, आणि पक्षाच्या कामात उतरण्यावरही बंधन आहे. ते योग्यच आहे. पाणी कुणी पळवलं ते वेदीवरून जरूर सांगा; बटण कुठलं दाबायचं ते सांगू नका. ‘समाजाची मतं’ गठ्ठ्यानं कुणाच्या ओटीत घालणारा धर्मगुरू माझ्या मताचा दलाल होतो, मग उमेदवार कितीही सज्जन असो. आमच्या एका फादरांनी मागे एका अपक्षासाठी उघड सभा घेतल्या होत्या, पण त्यांची गोष्ट निराळी. ते माझे वर्गमित्र आहेत, आणि अपक्ष पडलाच.

पण खरा आरोपी झगेवाला नाही, आपण प्रापंचिक आहोत. आदिवासींसाठी झटणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना 2020 मध्ये अटक झाली. थरथरत्या हातांना पेला धरवत नव्हता म्हणून त्या वृद्ध येशूसंघीयाला पाणी प्यायला नळीचा पेला कोर्टाकडे मागावा लागला. 5 जुलै 2021 ला मुंबईत, कोठडीतच असताना, ते गेले. त्या नऊ महिन्यांत आपल्यापैकी किती कवींनी एक ओळ लिहिली? नाताळ विशेषांकांत तारा, मेंढपाळ आणि बर्फ. वसईत बर्फ! बोलायचं ते फादरांनी बोलावं, अंगावर आलं की फादरांनाच झोडावं, आणि आपण कथाकथनाला पुढच्या रांगेत बसावं, अशी ही सोय आहे.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे: उरलेल्या प्रत्येक बावखलाची नोंद चर्चच्या धर्मग्रामनिहाय व्हावी, आणि ती फादरांनी नाही, प्रापंचिक लेखकांनी करावी; बुजवणाऱ्यांच्या नावांसकट. हा ठराव राजकीय आहे म्हणून तो घेऊ नये, अशी चिठ्ठी आत्ताच व्यासपीठावर आली आहे. चिठ्ठीखाली सही नाही. ज्यांनी पाठवली त्यांनी दुपारी विरोधात बोलायला उभं राहावं. नावनोंदणी कार्यवाहांकडे चालू आहे.