तो झगा शमुवेलाला कोण घालत होते?

(मित्रपरिवाराच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बंधू-भगिनींनो, दर वर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा अहवाल वाचते. मुले किती, मुली किती, दहावीला किती बसली. यंदा तो अहवाल छापील स्वरूपात आपल्या हातात आहे. म्हणून मला दिलेल्या वेळात मी एकाच लहान गोष्टीविषयी बोलणार आहे. पहिली-दुसरीच्या लेकरांचे कपडे. ते कोणी दिले याविषयी नाही. ते घालतो कोण आणि काढतो कोण, याविषयी.

१ शमुवेलाचा दुसरा अध्याय आपण सर्वांनी वाचला आहे. दूध तुटल्यावर हन्नाने आपले लेकरू शिलो येथे एलीजवळ ठेवले. मग दर वर्षी यज्ञासाठी जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. धर्मशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करताना मी या अध्यायावर एक प्रवचनही लिहिले होते. त्यात आईचा त्याग होता, समर्पण होते, सगळे होते. पण वसतिगृहात काम करू लागल्यावर मला त्या वचनाविषयी एक वेगळाच प्रश्न पडला. हन्ना वर्षातून एकदा यायची. एली म्हातारा. मग वर्षभर रोज सकाळी तो झगा शमुवेलाला कोण घालत होते?

हा प्रश्न मला एका मुलामुळे पडला. तो आमच्याकडे आला तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याचे नाव आणि पाडा मी सांगणार नाही. जव्हार-मोखाड्याकडचे वारली कुटुंब. भाताची कापणी झाली की आई-वडील वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तुमच्यापैकी अनेकांनी ती कुटुंबे भिवंडी-वसईच्या बाजूला भट्टीवर पाहिली असतील. मुलगा भट्टीवर गेला की त्याची शाळा बुडते, म्हणून त्यांनी जूनमध्येच त्याला आमच्याकडे आणून सोडले.

तीन आठवड्यांनी स्वयंपाकाच्या मावशींच्या लक्षात आले की हा मुलगा दिवसा पाणीच पीत नाही. दुपारी जेवणाबरोबर पेला तसाच. संध्याकाळी रात्रीचे कपडे घातले की मात्र घटाघटा पितो. मी म्हटले, घरची आठवण येत असेल, रुळेल. पुढच्या आठवड्यात त्याला ताप आला आणि लघवीला जळजळ होऊ लागली. डॉक्टरांनी तपासले, औषध दिले आणि विचारले, "हा पाणी का पीत नाही?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर मावशींनी काढले. त्या वारलीच आहेत. रात्री त्याच्याजवळ बसून त्यांनी त्याच्या बोलीत विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "हूक नाय सुटत."

शाळेच्या नव्या हाफ पँटला कमरेत जाड कॅनव्हासची पट्टी होती आणि त्यावर घट्ट लोखंडी हूक. त्याच्या बोटांना तो निघत नव्हता. पहिल्या आठवड्यात एकदा शाळेत त्याची पँट ओली झाली, मुले हसली. मग त्याने आपल्या परीने उपाय शोधला. पाणी प्यायचे नाही, म्हणजे लघवी होणार नाही. रात्रीची चड्डी इलास्टिकची होती, म्हणून पाणी रात्री.

आणि तो हूक रोज सकाळी लावत कोण होते? मी. प्रार्थनेची घंटा व्हायची असे, चाळीस मुले रांगेत असत, आणि मी "चल, चल, उशीर झाला" म्हणत एकेकाचे हूक आणि बटणे लावत पुढे सरकत असे. मला ती सेवा वाटत होती. आपण किती मायेने लेकरांना तयार करतो असे वाटत होते. मी सकाळी बंद केलेला हूक दिवसभर उघडायला मात्र कोणीच नव्हते, आणि हे मला महिनाभर दिसले नाही.

त्या मुलाला काही येत नव्हते असे मुळीच नाही. तो झाडावर सरसर चढायचा. ओढ्यात हात घालून खेकडा धरायचा. धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन पाडाभर फिरायचा, हे त्याच्या आईने आम्हाला सांगितले होते. घरी त्याच्या अंगावरच्या कपड्यांना उघडझाप करण्यासारखे काही नव्हतेच. अवघड कपडा आम्ही आणला होता. तो उघडायचा कसा हे शिकवायचे तेवढे राहून गेले.

त्यानंतर आम्ही काय केले ते सांगते, कारण ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे वेळ. पूर्वी आंघोळ आणि प्रार्थना यांच्यामध्ये अर्धा तास होता, आता लहानांसाठी पाऊण तास आहे. बाकी सगळे या पंधरा मिनिटांवर उभे आहे. घाई असली की मोठ्या माणसाचे हात आपोआप पुढे जातात.

दुसरे, आम्ही घालण्याच्या आधी काढणे शिकवतो. काढणे सोपे असते आणि लेकराला लवकर जमते. शिवाय शाळेत अडचण येते ती काढण्याचीच.

तिसरी गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. लेकराला शेवटची पायरी आधी द्यायची. चड्डी गुडघ्याच्या वरपर्यंत आपण आणायची आणि उरलेली त्याने ओढायची. ते जमले की दुसऱ्या आठवड्यात आपण घोट्यापर्यंतच आणायची. मग फक्त समोर अंथरून ठेवायची, पुढची बाजू वर, कंबर त्याच्याकडे. त्याने जमिनीवर बसून पाय घालायचे. उभ्याने एका पायावर तोल सांभाळत घालायला सांगू नये. अशा रीतीने रोज काम पुरे होते ते लेकराच्या हातून. आपण सुरुवात त्याला देतो आणि शेवट आपण करतो, म्हणून ते रोज अर्ध्यावर हरते.

बनियन किंवा टी-शर्ट असेल तर पुढची बाजू खाली करून अंथरायचा, घेर आपल्याकडे. त्यातून हात आणि डोके घातले की तो बरोबर बसतो. मागची बाजू ओळखता यावी म्हणून मावशींनी प्रत्येक कपड्याच्या आत मानेपाशी लाल दोऱ्याचा टाका घातला आहे. "लाल पाठीला" एवढे म्हटले की पुरते. पुढून उघडा स्वेटर जमिनीवर ठेवायचा, गळा आपल्या पायांकडे. वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि तो डोक्यावरून मागे टाकायचा. जव्हारच्या थंडीत मुलांचा हा आवडता खेळ झाला आहे.

बटणे सर्वांत खालून लावायची. खालचे बटण लेकराला दिसते, गळ्याचे दिसत नाही. खालून सुरुवात केली तर वर-खालीही होत नाही. आणि शिकवताना लेकराच्या समोर बसायचे नाही, मागे बसायचे. समोरून आपले हात त्याला उलटे दिसतात.

बोटांना सवय व्हावी म्हणून आम्ही डब्याच्या झाकणाला फट पाडून त्यातून चिंचोके टाकायला देतो. मग जुन्या शर्टांच्या बटणपट्ट्या लाकडी चौकटीवर ताणून बसवल्या आहेत, एकीवर मोठी बटणे, एकीवर लहान, एकीवर हूक, एकीवर नाडी. ही कल्पना माझी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह सुरू केले. बटणे, हूक आणि नाड्यांच्या अशा चौकटी हे त्यांच्या शिक्षणपद्धतीतले ओळखीचे साधन आहे. आणि रोमलाही जायला नको. आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर काम केले. महागडी साधने न आणता शंख-शिंपले, बिया, खडे, जे भोवती आहे त्यातून शिकवले. मुलांची स्वच्छता आणि कपडे हा त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचाच भाग होता. मी त्या जिल्ह्यात इतकी वर्षे काढली आणि तरी मला हे एका हुकाने शिकवावे लागले.

आमच्याकडे एक मुलगी आहे, तिच्या डाव्या हातात जोर नाही. तिला आम्ही कायम दुसऱ्याने कपडे घालायचे असे ठरवून टाकले होते. एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी साधी गोष्ट सांगितली. घालताना दुबळा हात आधी, काढताना दुबळा हात शेवटी. आता ती फ्रॉक स्वतः घालते. वेळ लागतो. ती घाई करत नाही आणि आम्हालाही करू देत नाही.

आता एक जरा अवघड विषय बोलते. पूर्वी आमच्याकडे अंगणातल्या नळावर लहान मुले-मुली एका ओळीत उघडी आंघोळ करत. लहान आहेत, त्यात काय, असे आम्ही म्हणत होतो. आता पडदे लावले आहेत. आणि कोणत्याही लेकराच्या कपड्याला हात लावण्याआधी "मी मदत करू का?" असे विचारायचे, हा नियम मावशींना, सरांना, मलाही आहे. २०१२ साली बालकांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा आला. तो पाळायचा आहेच, पण कायद्याची भीती एवढेच कारण नाही. रोज सकाळी कोणीही येऊन आपले कपडे काढावेत-घालावेत, अशी सवय झालेले लेकरू नको त्या माणसाला नाही कसे म्हणणार? आपले कपडे आपण काढतो-घालतो, दुसऱ्याने विचारायचे असते, हे सहाव्या वर्षी कळले तर ते पुढे कामाला येते.

सगळे नीट झाले आहे असे मात्र समजू नका. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, कपडे वाळत नाहीत, ओलसर कापडात बाही अडकते, आणि मावशी दोनच आहेत. अशा सकाळी मीही अजून "चल, चल" म्हणते आणि बटणे लावून टाकते. मग दिवसभर चुटपुट लागते.

त्या मुलाची आई होळीला भट्टीवरून दोन दिवसांसाठी आली. पोरासाठी बाजारातून तिने एक चौकड्यांचा शर्ट आणला होता. अंदाजाने घेतलेला, थोडा मोठाच. हन्नालाही असाच अंदाज करावा लागत असेल, वर्षभरात पोर किती वाढले असेल. तिने शर्टाची घडी मोडली आणि पोराला जवळ ओढून घालायला गेली. तो मागे सरकला. "मी," म्हणाला. जमिनीवर बसला आणि खालून एकेक बटण लावत गेला. मधले एक काजे चुकले. तिचा हात पुढे आला. मावशींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तशी ती थांबली. त्याने वरपर्यंत लावली, खाली पाहिले, सगळी काढली आणि परत लावली. त्याला किती वेळ लागला ते मी मोजले नाही, पण दुपारच्या जेवणाची घंटा झाली होती आणि आम्ही तिघी तिथेच बसून होतो.

मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता मी काय करू?"

मला तेव्हा काही सुचले नाही. आज म्हणेन, तो शर्ट तूच आणलास ना, बाई. तेवढे आईचेच काम होते.

शेवटी आपल्याकडे काही मागणे आहे. तुम्ही दर नाताळाला प्रेमाने कपडे पाठवता. यंदा महिला मंडळांनी आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी एवढे पाहावे. लहान मुलांच्या पँटला हूक आणि चेन नको, इलास्टिक हवे. मुलींच्या फ्रॉकला पाठीला चेन किंवा बांधायचे बंद नकोत, कारण स्वतःच्या पाठीमागे मोठ्या माणसाचाही हात पोहोचत नाही. पुढून उघडणारा, चार मोठ्या बटणांचा फ्रॉक हवा. सलवारीला नाडीऐवजी इलास्टिक. आणि तुमचे जुने शर्ट फाटले तर बटणपट्टी कापून आम्हाला पाठवा, चौकटींना लागते.

ज्यांना वेळ आहे त्यांनी जूनच्या शेवटी दोन आठवडे येऊन सकाळी आमच्याबरोबर बसावे. काम अवघड नाही. हात मांडीवर ठेवायचे आणि वाट पाहायची. घरी नातवंडे असतील तर उद्यापासूनच सराव सुरू करता येईल.

आणि प्रार्थनेत आमच्या मावशींची आठवण ठेवा. त्या रात्री त्या मुलाजवळ बसल्या नसत्या, तर मी अजूनही ते हूक लावत राहिले असते.

सलाम.