घरचा डॉक्टर : आपला आणि शेजाऱ्यांचा

(पारनेर येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सेनापती बापटांच्या जन्मगावी बोलायला उभे राहताना मनावर दडपण येते. विलायतेहून परतलेल्या त्या माणसाने हाती झाडू घेऊन याच गावचे रस्ते झाडले. सार्वजनिक आरोग्याचा एवढा सरळ धडा ज्या गावाने पाहिला, तिथे डॉक्टरांविषयी नवे काय सांगावे? म्हणून उपदेश न करता एका घरगुती हकीकतीपासून सुरुवात करतो.

माझी आई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. गावातल्या ज्या डॉक्टरांनी आम्हा भावंडांचे गोवर-कांजिण्या पाहिल्या, त्यांनी वयोमानाने दवाखाना बंद केला होता. मग आईची तब्येत ज्या मुलाकडे ती असेल त्या मुलाच्या शहरात दाखवली जाऊ लागली. पुण्यात एक फाईल झाली, नगरमध्ये दुसरी. दोन्ही ठिकाणचे तज्ज्ञ नामांकित. दोघांनीही रक्तदाबासाठी गोळी दिली. नावे निराळी, वेष्टनाचे रंग निराळे. आतले औषध मात्र एकच. आई आज्ञाधारकपणे दोन्ही घेत राहिली. एके दिवशी पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी चक्कर येऊन ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन ती गावी परतल्यावर शेजारच्या तरुण डॉक्टरने, आयुर्वेदाच्या पदवीधराने, औषधांची पिशवी बाजेवर रिकामी केली, वेष्टनांवरची बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, ‘‘काका, ही दोन्ही कशासाठी?’’

त्या तज्ज्ञांना मी दोष देत नाही. प्रत्येकाने समोर आलेला रक्तदाब पाहिला. संपूर्ण आई कुणाकडेच नव्हती, आणि तिची पिशवी उघडून पाहण्याचे आम्हा मुलांनाही सुचले नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणजे केवळ एमबीबीएस किंवा बीएएमएस अशी पाटी नव्हे. ‘ही एवढी घरे माझी, त्यातला माणूस आजारी नसला तरी माझा’ असे मानणारा तो डॉक्टर. इंग्लंडने १९४८ साली आपली राष्ट्रीय आरोग्यसेवा उभारली तेव्हा हेच मानणे कागदावर आणले. तिथला रहिवासी एका डॉक्टरकडे नाव नोंदवतो आणि तातडीचा प्रसंग सोडला तर त्याच्या चिठ्ठीनेच तज्ज्ञाकडे जातो. पण इंग्लंड श्रीमंत, त्याची उदाहरणे ऐकून आपण सुस्कारा टाकतो आणि घरी जातो. म्हणून आज शेजाऱ्यांकडे पाहू. त्यांच्याही खिशात फार पैसे नाहीत.

श्रीलंकेपासून सुरुवात करतो. १९२६ साली कोलंबोच्या दक्षिणेला कलुतरा येथे पहिले आरोग्य केंद्रक सुरू झाले आणि ठरावीक हद्दीतील घरांची जबाबदारी ठरावीक माणसांवर सोपवण्याची रीत पडली. तिथली सुईण साधारण तीन हजार लोकवस्तीमागे एक. गावात लग्न होऊन सून आली की तिचे नाव सुईणीच्या वहीत चढते, आणि गरोदरपण, बाळंतपण, बाळाची लस असा तो धागा पुढे चालतो. बाळंतपणात माता दगावण्याचे प्रमाण त्या बेटाने आपल्या कितीतरी आधी खाली आणले, त्याचे मोठे श्रेय या वहीला आहे. प्रौढांच्या मधुमेह-रक्तदाबासाठी मात्र अशी वही नव्हती. लोक थेट मोठ्या रुग्णालयात गर्दी करीत, नाहीतर सरकारी डॉक्टरांच्याच संध्याकाळच्या खासगी दवाखान्यात पैसे मोजत. ती उणीव ओळखून २०१८ च्या सुमारास तेथील सरकारने लोकांची नावे जवळच्या प्राथमिक दवाखान्याला जोडण्याचे धोरण घेतले. पुढे २०२२ चे आर्थिक संकट आले, औषधांचा तुटवडा झाला, डॉक्टर परदेशी निघाले. तरीही सुईणीची वही बंद झाली नाही.

नेपाळची गोष्ट आपल्याला अधिक झोंबणारी आहे. १९८८ पासून तिथे महिला आरोग्य स्वयंसेविका आहेत, सुमारे पन्नास हजार. आणि २०१६ मध्ये कैलाली जिल्ह्यातून त्यांनी आरोग्यविमा सुरू केला. पाच जणांच्या कुटुंबाने वर्षाला साडेतीन हजार नेपाळी रुपये भरायचे, लाखभर रुपयांपर्यंत उपचार घ्यायचे. रक्कम आपल्या योजनांपुढे किरकोळ वाटेल. पण दोन अटी ध्यानात घ्या. नाव नोंदवतानाच कुटुंबाने आपला पहिला दवाखाना निवडायचा आणि आधी तिथेच जायचे. आणि बाह्यरुग्ण तपासणी व नेहमीची औषधे याच विम्यात बसतात. रुग्णालयांची देणी थकल्याच्या तक्रारी तिथेही आहेत. गुलाबी चित्र रंगवत नाही.

आपल्याकडे आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. अनेकांची जमीन त्यामुळे सावकाराकडे जाण्यापासून वाचली. मात्र ते संरक्षण मुख्यतः खाटेवर पडल्यावर. खाटेवर पडू नये म्हणून वीस वर्षे जो डॉक्टर लागतो, त्याची फी कान्हूर पठारचा किंवा निघोजचा शेतकरी स्वतःच्या खिशातून देतो.

बांगलादेशाने हजारो कम्युनिटी क्लिनिके उभारली, साधारण सहा हजार लोकांमागे एक. जागा गावकऱ्यांनी दान दिली. १९९६ नंतर सुरू झालेले हे काम २००१ मध्ये सत्तांतर होताच बंद पडले. गावकऱ्यांनी दिलेल्या जागेवरच्या इमारती आठ वर्षे तशाच पडून होत्या, २००९ मध्ये त्या पुन्हा उघडल्या. लोकांची आरोग्यव्यवस्था पक्षाच्या झेंड्याला बांधली की काय होते, हे आपणही ध्यानात ठेवावे. शिवाय त्या क्लिनिकात बसतो तो प्रशिक्षित कर्मचारी, डॉक्टर नव्हे. पाकिस्तानात १९९४ पासून ‘लेडी हेल्थ वर्कर’ आहेत. स्वतःच्या घरालाच आरोग्यघर करून एकेक बाई हजारभर लोकांना पाहते. ज्या देशात लस पाजणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे या स्त्रिया दारोदार जातात. शत्रुराष्ट्रातील असल्या तरी त्यांच्या धैर्याला दाद द्यावी लागेल.

भूतानविषयी मला विशेष आत्मीयता वाटते. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेत मूलभूत आरोग्यसेवा मोफत देण्याचे वचन आहे, आणि ती आधुनिक व परंपरागत अशा दोन्ही उपचारपद्धतींत. रुग्णाने कोणत्या वैद्याकडे जायचे हे त्याने ठरवावे. नोंद मात्र एकाच व्यवस्थेत राहते. डॉक्टर थोडे, डोंगर फार, अवघड रुग्ण सरकारी खर्चाने आपल्याच कोलकाता-वेल्लोरला पाठवावे लागतात. पण परंपरेची लाज नाही. आपल्या तालुक्यात खेडोपाडी आयुर्वेदाचे पदवीधरच रात्री दार उघडतात, आणि आपण मात्र त्यांना ‘तात्पुरते डॉक्टर’ समजतो.

मग आपल्याकडे काय नाही? तीस हजार लोकवस्तीमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पाच हजारांमागे उपकेंद्र. २००५ पासून आशाताई आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागले, त्यांतले अनेक आयुर्वेदाचेच पदवीधर. २०२३ मध्ये या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाऊन कुणाला मधुमेह, कुणाला दमा हे लिहून घेतले गेले. भाळवणीच्या कोविड केंद्राचे कौतुक २०२१ मध्ये राज्यभर झाले. खाटा आपण उभ्या करतो, याद्याही करतो. माझा प्रश्न एवढाच आहे की, तुमच्या गल्लीतील घरांची ती यादी आज कोणत्या डॉक्टरच्या टेबलावर आहे?

आता थोडे स्वतःकडे. आपण आरोग्य शिबिरे भरवतो. मंडप पडतो, पन्नास कार्यकर्ते राबतात, शेकडो तपासण्या होतात, छायाचित्र छापून येते. ते छापणाऱ्यांत मीही आहे. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि शिबिरात साखर वाढलेली आढळलेली आजीबाई पुन्हा एकटी होते. वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षक पाड्यावरच राहतात, म्हणून त्यांचे काम टिकते. तालुक्याच्या गावांत आपण ते का केले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

इथे समोर काही डॉक्टर बसले आहेत, त्यांना एक विनंती. दोनशे घरे निवडा, आपल्याच आळीतली. घरटी एक वही. तीत माणसांची नावे, आजार, चालू औषधे त्यांच्या मूळ नावांसह, आणि मुंबई-पुण्याला असलेल्या मुलाचा फोन. शहरातल्या तज्ज्ञाकडे जाताना वही बरोबर न्यायची, परत आल्यावर तुम्हाला दाखवायची. वर्षाची फी कुटुंबाशी बोलून ठरवा, फुकट करू नका. फुकटचे फार दिवस चालत नाही. उपकेंद्रातील अधिकाऱ्याला आणि आशाताईंना सोबत घ्या. कार्यकर्त्यांनी शिबिराच्या मंडपाचा खर्च यंदा वह्यांवर करावा.

माझ्या आईची वही त्या तरुण डॉक्टरने घातली. पहिल्या पानावर त्याने तिच्या दोन्ही गोळ्यांची नावे लिहिली आणि एकीवर काट मारली.