दान पडलं, पुढे काय?



लोकमान्य १९२० साली गेले आणि पुढच्याच वर्षी पारल्याने त्यांच्या नावाने शाळा सुरू केली. लोकमान्य स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. त्या पारल्यात प्राथमिक गणिताच्या शिक्षकांसमोर बोलायला मिळतंय, याचा मला फार आनंद आहे.

खेळातून गणित शिकवावं, हे आता सगळ्यांनाच पटलंय. किल्ल्यांचे, वारीचे, सणांचे पट शाळाशाळांतून तयार होताहेत. चित्रं देखणी असतात. पण मूल सोंगटी सरकवताना तोंडाने काय म्हणतं, तिकडे आपलं लक्ष असतं का? सतरावर असलेल्या मुलाला चारचं दान पडलं की ते ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत पुढे जातं. त्याने ‘अठरा, एकोणीस, वीस, एकवीस’ म्हणायला हवं. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी या संशोधकांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंकांचा सरळ पट खेळायला दिला आणि पटाच्या प्रत्येक घरातला अंक मोठ्याने म्हणायला लावला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची संख्यांची समज स्पष्ट सुधारलेली दिसली. अंकांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत तो फरक पडला नाही.

आपल्याकडे असा सरळ पट रोज डोळ्यांसमोर असतो. चर्चगेटपासून लोकलची स्टेशनं मोजा. दादर नववं, विलेपार्ले पंधरावं, अंधेरी सोळावं, बोरिवली बाविसावं. अंधेरीवर सोंगटी आहे, बोरिवली गाठायला किती हवेत? पहिलीतलं पोर बोट ठेवून सांगतं. उलट निघालं की वजाबाकी आलीच.

थोड्या मोठ्या मुलांसाठी मला चल्लस-आठ हा खेळ सर्वांत प्रिय आहे. पाच बाय पाच घरं, चार फोडलेले चिंचोके. जितके पांढरे वर, तितकं दान. चारही काळे पडले तर आठ. घरोघरी नाव बदलतं, नियमही बदलतात, म्हणून आधी मुलांना आजी-आजोबांकडून नियम विचारून आणायला सांगा. पारल्यातल्या एकाच वर्गात कोकणातला, देशावरचा, कर्नाटकातला असे वेगवेगळे डाव जमतील. कुठल्या नियमाने खेळायचं यावर मुलं भांडतील. भांडू द्या. नियम नेमक्या शब्दांत मांडणं हेही गणितच आहे.

मग चौथीच्या मुलांना प्रत्येक दान वहीत नोंदवायला लावा. आठ इतकं क्वचित का पडतं? चार चिंचोके सोळा प्रकारे पडू शकतात. त्यांत दोन पांढरे येण्याचे प्रकार सहा, चारही काळे येण्याचा एकच. एखाद्या गटाची नोंद या हिशेबाशी जुळणार नाही, कारण चिंचोके काही एकसारखे फुटत नाहीत. अशा वेळी चिंचोके बदलून पुन्हा टाकायला सांगा. उत्तर आपण सांगून टाकण्याची घाई करू नका.

शाळाचालकांकडे माझं एकच मागणं आहे. या खेळाच्या तासाला गुण ठेवू नका. गुण आले की हुशार मूल दुसऱ्याचं दान मोजून देतं आणि मागे पडलेलं मूल गप्प बसतं. पटाभोवती चारच मुलं असावीत, आणि प्रत्येकाने आपली सोंगटी स्वतःच, मोठ्याने मोजत, हलवावी. शिक्षकाने आळीपाळीने प्रत्येक पटापाशी जमिनीवर बसून ते मोजणं ऐकावं.