पिस्तूल हातात घेण्याआधी

रीलसाठी मित्राचा गावठी कट्टा हातात धरलात, तर ‘माझा नाही’ म्हणून सुटका होत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना पिस्तूल जाणूनबुजून बाळगणं हाच गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा २ ते ५ वर्षं कैद. आणि रील म्हणजे आपणच तयार करून दिलेला पुरावा!

रीतसर परवाना हवाय? वय २१ पूर्ण हवं. आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्तांकडे, एरवी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नकार आला तर गप्प बसू नका, लेखी कारणं मागा. तशी तरतूद कायद्यातच आहे. २०१६च्या नियमांनुसार शस्त्र हाताळणं, नेणं, सुरक्षित ठेवणं याचं प्रशिक्षणही लागतं. चारचौघांत पिस्तूल होल्स्टरमध्ये, झाकलेलंच हवं. परवाना असला तरी वरातीत बार काढायला मनाई आहे.