एका दाताचा फरक

जाड फुगीर टायरांची, वाळूत, चिखलात, डोंगराच्या अंगावर कुठेही शिरणारी ती ठेंगणी चारचाकी आपण निदान चित्रात तरी पाहिली असेल. मोटारसायकलीवर बसतात तसे टांग टाकून तिच्यावर बसायचे आणि हँडलने ती वळवायची. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एटीव्ही’ म्हणतात. आज मी या गाडीच्या एका अगदी लहान भागाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे तिचे दात असलेले चाक, ज्याला गॅरेजमध्ये स्प्रॉकेट म्हणतात. मी महाविद्यालयात गणित शिकवतो. ज्यांचे हात रोज ग्रीसने माखतात त्यांना शहाणपण शिकवण्याचा माझा अधिकार नाही. पण हा प्रश्न मुळात त्रैराशिकाचा आहे. ते न मांडता नुसत्या ऐकीव सल्ल्यावर चक्रे बदलली, तर त्याची किंमत खिशाला आणि कधी कधी हाडांनाही मोजावी लागते. म्हणून हे धाडस.

सर्वच एटीव्हींना साखळी नसते, हे आधी सांगितलेले बरे. शेतावरच्या ओझे वाहणाऱ्या वजनदार गाड्यांत बहुधा दांड्याने शक्ती पोचवतात. शर्यतीच्या हलक्या गाड्यांत मात्र मोटारसायकलीप्रमाणे गिअरबॉक्सवर एक छोटे चक्र, मागच्या आसावर एक मोठे चक्र आणि दोहोंना जोडणारी साखळी असते.

समजा, पुढच्या चक्राला 14 दात आहेत आणि मागच्याला 38. पुढचे चक्र एकदा फिरले की साखळीचे 14 दुवे पुढे सरकतात, म्हणजे मागचे चक्रही 14 दातच फिरते. त्याचा एक फेरा पुरा व्हायला पुढच्याला 38 भागिले 14, म्हणजे सुमारे 2.71 फेरे घ्यावे लागतात. हा आकडा जितका मोठा तितका चाकाला जोर जास्त आणि वेग कमी; जितका लहान तितका वेग जास्त आणि जोर कमी. गॅरेजवाले याला ‘पुलिंग’ आणि ‘टॉप’ म्हणतात, आणि मला ते शब्द पाठ्यपुस्तकातल्या शब्दांपेक्षा अधिक बोलके वाटतात. इंजिनाची शक्ती आहे तेवढीच राहते. चक्रे बदलून ती तसूभरही वाढत नाही. ती कोणत्या रूपात खर्च करायची एवढेच आपण ठरवतो.

आता गंमत पाहा. पुढचा एक दात कमी केला, 14 चे 13 केले, तर 2.71 चे 2.92 होतात, फरक जवळजवळ पावणेआठ टक्के. तेवढाच फरक मागच्या चक्रावर करायचा तर एक दात वाढवून भागत नाही, तीन वाढवावे लागतात. 41 भागिले 14 म्हणजेही 2.93. पुढचा एक दात मागच्या तिनांच्या तोडीचा! म्हणूनच मोठा बदल स्वस्तात हवा असेल तर पुढचे चक्र बदलतात आणि बारीक जुळवाजुळव हवी असेल तर मागचे. ज्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ज्या फेऱ्यांना पूर्वी ताशी 100 किलोमीटर वेग मिळत होता, तिथे 13 दातांवर 93 च मिळेल. काही गाड्यांत वेगमापक गिअरबॉक्सवरून चालतो. त्यांच्यात काटा पूर्वीचेच 100 दाखवील आणि मालक खुशीत राहील!

तर मग हा खटाटोप करायचा केव्हा? सर्वांत रास्त कारण म्हणजे टायर. मूळ टायर 20 इंची असताना कोणी 22 इंची बसवले, तर प्रत्येक फेऱ्यात गाडी एक दशांश जास्त अंतर तोडू लागते. म्हणजे न मागता गाडीचे पुलिंग गेले. ते परत आणायचे तर 2.71 चे 2.99 करायला हवेत. पुढे 14 ठेवून मागे 42 लावा, किंवा पुढे 13 आणि मागे 39 लावा. दोन्हींचे उत्तर बरोबर 3 येते. यातले काय निवडावे? 42 दातांचे चक्र 38 च्यापेक्षा त्रिज्येने सुमारे 10 मिलिमीटर मोठे, म्हणून दगडधोंड्यांत ते आधी आपटायचे. पण टायर बदलल्यामुळे आस एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर, वर गेलेला असतो, त्यामुळे त्याची काळजी नको. टायर न बदलता मागचे चक्र वाढवणाऱ्याने मात्र ती जरूर करावी.

दुसरे कारण जमिनीचे. मऊ वाळू, खोल चिखल, उभा चढ असेल तिथे आकडा मोठा हवा. लांब, सपाट, टणक मैदानावर लहान चालेल. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पुढचे चक्र 15 दातांचे केले की गाडी हमखास जास्त पळेल, असे तरुण मंडळींना वाटते. अहो, पळेल, पण इंजिनाच्या अंगात तेवढा दम शिल्लक असेल तर! वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, आणि वाळू तर चाक धरूनच ठेवते. पुष्कळदा असे होते की नव्या चक्रावर शेवटचा गिअर ओढतच नाही आणि गाडी आधीपेक्षा हळू धावते.

याहून वाईट गोष्ट चढावर घडते. अर्ध्या चढावर इंजिन दमते, चालक क्लच दाबून गिअर उतरवू पाहतो, तेवढ्या क्षणात गाडी थांबते आणि मागे घरंगळू लागते. दोन अडीच क्विंटलांचे हे धूड उतारावर मागे उलटले तर चालक त्याच्याखाली सापडतो. क्लच अर्धवट धरून चढणाऱ्याच्या क्लचप्लेटा जळतात ते वेगळेच. उलट बाजूचाही धोका आहे. आकडा फार मोठा केला तर पहिल्या गिअरमध्ये नुसते अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पुढची चाके उचलली जातात, आणि हीच गोष्ट चढावर झाली तर परिणाम तोच. होंडाने 1970 साली या जातीची तीनचाकी आणली होती. अपघातांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1988 मध्ये अमेरिकेत कंपन्यांना सरकारशी करार करून तीनचाकींची विक्री थांबवावी लागली. चार चाकांनी तोल सुधारला, पण तोल सांभाळण्याची जबाबदारी काही गेली नाही.

आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले ‘बाहा’ स्पर्धेसाठी अशा रानवाटांवर चालणाऱ्या गाड्या स्वतः बांधतात. पीथमपूरला ही स्पर्धा अनेक वर्षे भरली. त्या गाड्यांना पिंजऱ्यासारखा सांगाडा असतो आणि चालक आत बसतो, पण दातांचे गणित तेच. इंजिन ठरावीक, त्यात हात घालायला मनाई. मग शहाणपण दाखवायला जागा उरते ती मुख्यतः शक्ती चाकापर्यंत नेण्याच्या व्यवस्थेत. चढाची परीक्षा निराळी, धावण्याची निराळी, आणि चार तासांची दमछाक करणारी शर्यत आणखी निराळी. त्या मुलांचे वाद ऐकण्यासारखे असतात. एक म्हणतो, “अरे, चढ नाही चढला तर पुढचे सगळे मुसळ केरात!” दुसरा म्हणतो, “आणि सपाटीवर सगळे पुढे गेले तर?” दोघेही बरोबर असतात. त्रैराशिक उत्तर देते, निवड करून देत नाही.

आता साखळीकडे वळू, कारण खरे घोटाळे तिथे होतात. अशा गाड्यांवर बहुधा 520 नंबरची साखळी असते. यातला 5 म्हणजे दोन पिनांमधले अंतर, इंचाचे पाच अष्टमांश, सुमारे 16 मिलिमीटर. मागचा 20 रुंदी सांगतो. चक्र घेताना हा नंबर जुळलाच पाहिजे. मागचे दोन दात वाढले की साखळी एका दुव्याने तोकडी पडते; तेवढ्यासाठी आस सुमारे 8 मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो. जागा असेल तर ठीक, नसेल तर लांब साखळी आणा. पुढचा एक दात कमी केला तर आस 4 मिलिमीटर मागे न्यायचा, एवढेच.

पुढचे चक्र फार लहान करू नये, याला दोन कारणे आहेत. साखळी चक्रावर गोल बसत नाही, ती बहुकोनात बसते. त्यामुळे तिचा वेग प्रत्येक दाताला किंचित कमीजास्त होतो. 14 दातांवर हा फरक अडीच टक्के, 11 दातांवर चार टक्क्यांपर्यंत जातो, आणि गाडी हादरत साखळी झिजते. दुसरे असे की लहान चक्रावरून निघालेली साखळी मागच्या फाट्याला घासते आणि तिथले रबर खाते. मात्र 13 च्या बाजूने एक मुद्दा आहे. साखळीचे दुवे नेहमी सम संख्येत असतात, एक अरुंद, एक रुंद. चक्राचे दातही सम असले तर एका दाताला जन्मभर एकाच जातीचा दुवा भेटतो. विषम असले तर आलटून पालटून दोन्ही भेटतात आणि झीज सारखी वाटली जाते.

जुन्या साखळीवर नवे चक्र बसवू नका. ताणलेली साखळी नव्या दातांना थोड्याच दिवसांत आकड्यासारखे वाकडे करते. तिन्ही वस्तू एकदम बदलणे शेवटी स्वस्त पडते. अ‍ॅल्युमिनियमचे चक्र हलके, पण पोलादाच्या आधी झिजते. साखळी पुसायची ती इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवून. चालू इंजिनावर फडके साखळीला लावणाऱ्यांची बोटे गेलेली आहेत. काम झाल्यावर साखळीची ढिलाई गाडीच्या पुस्तकात दिली असेल तितकीच ठेवा, आणि पहिल्या दोनचार फेऱ्यांनंतर ती पुन्हा पाहा, कारण नवी साखळी सुरुवातीला थोडी सैल पडते. त्याच वेळी पाना हातात आहे तोवर मागच्या चक्राचे बोल्टही पुन्हा एकदा आवळून घ्या.