दाराजवळची पिशवी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आज पंचवीस वर्षांच्या गोड आठवणी बऱ्याच जणांनी सांगितल्या. मी जरा वेगळी आठवण सांगते. मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं ती रात्र आठवते ना? दोन वाजले होते. वॉचमन शिट्टी मारत ओरडत होता, "सगळे खाली या!"

मी काय उचललं? कपाटातले दागिने आणि बँकेची फाइल. सासऱ्यांना धरून पाच मजले जिना उतरले. त्यांचा चष्मा वर, काठी वर, औषधांचा डबाही वर. अर्ध्या तासात बाबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. ते इन्सुलिन घेतात, शुगर उतरली होती. माझ्याकडे तोळ्यांनी सोनं होतं, पण चमचाभर साखर नव्हती! वॉचमनने आपल्या चहाच्या डब्यातली साखर पाण्यात घालून दिली, म्हणून बाबा आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत.

आपल्याकडे असं कधीतरीच होतं, असं म्हणू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद, फोन लागेनात. माणसं कंबरभर पाण्यातून चालत घरी आली. 18 जुलै 2021 च्या पहाटे पावसात आपल्या शेजारी विक्रोळीच्या सूर्यनगरमध्ये आणि चेंबूरच्या भारतनगरमध्ये घरं कोसळली, माणसं झोपेतच गेली. संकट सांगून येत नाही, आणि आवरायला वेळ देत नाही.

म्हणून त्या रात्रीनंतर मी दाराजवळच्या खुंटीला एक सॅक अडकवली. ती भरताना एकच विचार केला: घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला काय लागेल? बाबांची आठवड्याची औषधं, चिठ्ठीची झेरॉक्स, जुना चष्मा, ग्लुकोजची पावडर. इन्सुलिन फ्रिजमध्ये राहतं, म्हणून सॅकवर मोठ्या अक्षरात चिकटवलं, 'फ्रिजमधून इन्सुलिन घे!' घाईत डोकं चालत नाही, वाचता मात्र येतं.

बाकीचं सोपं आहे. टॉर्च, सेल वेगळे ठेवलेले, नाहीतर ते गळतात. पॉवर बँक, शिट्टी, पाण्याच्या दोन बाटल्या, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. सॅनिटरी पॅड, एक चादर. शंभराच्या आणि सुट्ट्या नोटा, कारण वीज गेली की एटीएम आणि फोनवरचे पैसे दोन्ही अडतात. आधार, रेशन कार्ड, पॉलिसी, शेअर सर्टिफिकेटच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. आणि कागदावर लिहिलेले नंबर: नातेवाईकांचे, 101 अग्निशमन, 1916 महापालिका, 112 पोलीस. मोबाइल बंद पडला तर आपल्याला स्वतःच्या नवऱ्याचा नंबरही पाठ नसतो, खरं की नाही?

वर्षातून दोनदा सॅक उघडायची, 1 मे ला पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. औषधांच्या तारखा बघायच्या, लाडू खाऊन टाकायचे, नवे ठेवायचे. हे काम मुलं आनंदाने करतात!

आणखी एक. आग असेल तर लिफ्ट नाही. जिन्यात धूर दाटला असेल तर उतरू नका. दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीशी थांबा आणि 101 लावा.

शेवटी कमिटीला विनंती. प्रत्येक विंगमध्ये एकटे राहणारे, चालता न येणारे कोण आहेत, याची यादी करा आणि प्रत्येकासाठी शेजारचा एकजण ठरवा. आमच्या मजल्यावरच्या काकूंसाठी मी माझं नाव आत्ताच देते. माझी सॅक माझ्या घरापुरती आहे, पण त्या रात्री बाबांना वाचवलं ते दुसऱ्याच्या डब्यातल्या साखरेने.