पट आणि पाकशाळा

पांडव अज्ञातवासात विराटनगरीस गेले, तेव्हा दोघा भावांनी पत्करलेली कामे मोठी सूचक होती. धर्मराज कंक हे नाव घेऊन राजाचा द्यूतातील सोबती झाला, आणि भीम बल्लव या नावाने पाकशाळेत शिरला. परक्या गावी, अनोळखी माणसांत जागा मिळवावयाची तर सारीपाट किंवा पोळपाट यांपैकी एक तरी हाताशी असावा, हे व्यासांना ठाऊक असले पाहिजे.

आजचे बंगळूर हे असेच परगावच्या माणसांचे नगर आहे. मराठी माणसाला ते सर्वस्वी परके नाही. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर तेथेच होती. परंतु सोलापूर-कोल्हापूरकडून नोकरीसाठी आलेल्या तरुणाला शनिवारची संध्याकाळ खावयास उठते, तेव्हा शहाजीराजांचा त्यास काय उपयोग? अशा भाड्याच्या दोन खोल्यांतून अलीकडे एक छंद रुजला आहे. चार-पाच जणांना बोलवावे, मध्ये पट मांडावा, आणि येणाऱ्यांसाठी स्वतःच्या हाताने काही शिजवावे. पटावरील खेळांसाठी शहरात खास उपाहारगृहेही निघाली आहेत. तेथे पैसे मोजणारा गिऱ्हाईक असतो. घरी बोलावणारा मात्र यजमान होतो, आणि यजमानपण शिकावे लागते.

या पटांपैकी बरेच खोक्यात बंद होऊन परदेशांतून येतात. तथापि कर्नाटकाचा स्वतःचा चौकाबार अजून जिवंत आहे. पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरे, प्रत्येकाच्या चार सोंगट्या आणि चार कवड्या, एवढाच त्याचा संसार. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितके दान. चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा हात. सोंगटी बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने फिरते, आतल्या आठ घरांतून उलट फिरते आणि मधल्या घरात विसावते. चल्लस-आठ खेळलेल्या मराठी पाहुण्याला हा पट समजावून सांगावा लागत नाही. यातला एक नियम मात्र यजमानाची कसोटी पाहतो. प्रतिपक्षाची एक तरी सोंगटी मारल्यावाचून आतल्या घरांत प्रवेश नाही! अतिथीला देव मानणाऱ्याने अतिथीची सोंगटी मारावी कशी? मुद्दाम हरणारा यजमान कोणालाच आवडत नाही. नवख्याला पहिल्याच डावात गारद करणारा तर त्याहून नाही.

स्वयंपाकाचे शिक्षण याहून कठीण. मुंबईच्या उकाड्यात एका रात्रीत फुगून वर येणारे इडलीचे पीठ बंगळूरच्या डिसेंबरात सकाळपर्यंत ढिम्म हलत नाही. हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. तेथील थंडी पिठाला मानवत नाही. नवशिक्याला वाटते की आपले प्रमाण चुकले. मग तो पातेले उबेला ठेवतो, वाट पाहतो, आणि पुढच्या वेळी डाळ एक दिवस आधी भिजवतो. त्याने निराश होण्याचे कारण नाही. इ. स. ९२०च्या सुमारास ‘वड्डाराधने’ या कन्नड ग्रंथात इडलीचे नाव येते. परंतु त्या काळच्या वर्णनांत तांदूळ नाही, दीर्घकाळ आंबवणे नाही आणि वाफवणेही नाही. आजची इडली साधावयास खुद्द कर्नाटकालाही बराच काळ लागला.

इडलीच्या या पूर्वजेचा उल्लेख ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास तो रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात त्याने राज्यकारभाराच्या जोडीला अन्नाचे भोग वर्णिले आणि फासे व कवड्या यांचे खेळही सांगितले. पट आणि ताट एकाच ग्रंथात नांदतात, ही रसिकता खरी. परंतु राजा जेवतो आणि राजा खेळतो. चुलीशी मात्र दुसरेच कोणी असते.

ही वाटणी राजवाड्यापुरती राहिली नाही. मराठी घराच्या ओसरीवर सोंगट्यांचा डाव रंगे, ‘पाने वाढली’ अशी हाक आतून येई, आणि जिने हाक दिली तिला त्या डावात कोण हरले हे उष्टी काढताना कळे. मंगळागौरीच्या रात्री तिचा खेळ तिला मिळे, पण तो वर्षातून एखाद्या वेळी.

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आतले घरच नाही. पट आणि चूल यांच्यात चार पावलांचे अंतर. तरीही जुनी वाटणी चोरपावलांनी येते. हौशी यजमान चार पदार्थ आरंभतो, फोडणीशी घाम पुसत उभा राहतो, आणि बाहेर हशा पिकला की ‘काय झाले?’ असे विचारतो. त्याला उत्तर मिळेपर्यंत दुसरा हशा पिकलेला असतो. दोन-तीन शनिवार असे गेले की तो शहाणा होतो. बिसीबेळे भात आधीच शिजवून ठेवतो. घट्ट झाला तर त्यात थोडे आधण घातले की पुरते. चटणी वाटावयास पाहुण्यांपैकी एकाला बसवतो. तेलकट हातांनी सोंगट्या खराब होऊ नयेत म्हणून भजी डाव संपल्यावर काढतो. इडलीचे पात्र चढवून तो पटाशी येऊन बसतो. वाफ धरावयास दहा-बारा मिनिटे लागतात, तेवढ्यात कवड्यांचे दोन-तीन फेरे होतात.

कधी नेमका त्याचा हात आलेला असतो, सोंगटी आतल्या घराच्या उंबरठ्यावर असते आणि पात्राचे झाकण खडखडू लागते. तो उठू लागतो. तेव्हा शेजारचा पाहुणा, ज्याची सोंगटी त्याने नुकतीच मारलेली असते, त्याला खांद्याला धरून खाली बसवतो आणि गॅस बंद करावयास स्वतः आत जातो. यजमान कवड्या उचलतो.